पॉवर स्टिअरिंगचा पंप गळतोय: सील किट, रिकंडिशन पंप की नवा?

बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ, पहिली इनोव्हा या गाड्यांचं स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर चालणारं. पंप ओला दिसला म्हणून लगेच नवा पंप आणू नका. आधी गळतीची जागा पक्की करा, कारण खर्च तिच्यावरच ठरतो.

पंप आणि होज (तेलाचे रबरी पाइप) डिग्रीझरने धुवून कोरडे करा, बेल्टवर काही उडू देऊ नका. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि टॉर्चने बघा. टाकीकडून पंपात येणारा होज सैल असेल तर गाडी बंद असताना तेल ठिबकतं. इंजिन चालू असताना मात्र तिथून हवा आत ओढली जाते, पंप कण्हतो आणि टाकीत फेस येतो. इथे नवी क्लिप किंवा होजचा तुकडा पुरतो, अर्ध्या तासाचं काम. स्टिअरिंग वळवताच प्रेशर होजच्या जोडापाशी ओल आली, तर तिथली ओ-रिंग (रबरी कडं) किंवा तांब्याचे वायसर बदला. जुना वायसर दाबून चपटा झालेला असतो, तो परत बसवला तर पुन्हा गळतो. पुलीच्या मागे गोलाकार तेल उडालेलं दिसलं, तरच शाफ्ट सीलचा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलचा, संशय घ्या.

शाफ्ट सील गेलं असेल तर सील किट (पंपाच्या नव्या सीलचा संच) की पंप, हे शाफ्ट बघूनच ठरवायचं. पुली धरून वर-खाली हलवा. चाळ (ढिलेपणा) जाणवली तर बुश किंवा बेअरिंग झिजलंय. नवं सीलही थोड्याच दिवसांत गळेल, त्यामुळे किटवर पैसे घालू नका. चाळ नसेल तर पंप उघडा आणि सीलची कड जिथे घासते तिथे नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल, तरीही किट वाया जाईल. शाफ्ट गुळगुळीत असेल तर किटसारखा स्वस्त आणि टिकाऊ उपाय नाही: काही शे रुपये आणि अर्धा दिवस.

किटच्या कामात बारकावे पाळावे लागतात. काही पंपांची पुली नटावर असते, काहींची दाबून बसवलेली. दाबलेल्या पुलीला पुलरच लागतो, हातोडा मारला तर शाफ्ट वाकतो. पंप उघडताना कॅम रिंगची (आतली कडी, जिच्यावर वेन घासत फिरतात) बाजू खुणेने लक्षात ठेवा. वेन (तेल ढकलणाऱ्या पातळ पट्ट्या) बसवताना त्यांची गोलसर कड बाहेर, कॅम रिंगकडे हवी. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवा. शाफ्टच्या टोकाला मुळातच असलेल्या खाचांवर टेप गुंडाळा आणि सीलला तेल लावून सरकवा, नाहीतर बसवतानाच कड फाटते.

रिकंडिशन, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना पंप मला सगळ्यात कमी पटतो. आत फक्त सील बदललंय की बेअरिंग आणि वेनही, हे बाहेरून कळत नाही. लेखी वॉरंटी मिळत असेल तरच घ्या. चाळ असेल, शाफ्टला खाच असेल किंवा तेलात धातूचा चुरा दिसत असेल, तर नवा पंप घ्या. खर्च हजारांत जातो, पण चुरा निघालाय आणि जुनं तेल तसंच ठेवलं, तर नवा पंपही झिजेल. रिटर्न होज (तेल टाकीत परत आणणारा) बाटलीत सोडून सगळी लाइन धुवून घ्या. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं सील थोडं फुगवतात, गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरती ठीक. तेलाने भिजलेला बेल्टही बदला, तो घसरत राहतो.

तेल टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन दर्जाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सील खराब होतात. मग हवा काढायची. पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नाही), इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळू फिरवा आणि पातळी राखत जा. फेस थांबल्यावरच इंजिन सुरू करून तेच पुन्हा करा, पण टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन बंद करून तासभर थांबा, बुडबुडे आपोआप वर येतात.