येलोनाइफची मतदान-सेवा, इंदूरच्या नजरेतून

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये विधानसभेची पुढची निवडणूक 2027 मध्ये आहे. इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर भागातल्या ज्या घरांतली मुलं तिकडचं नागरिकत्व घेऊन राजधानी येलोनाइफला स्थायिक झाली आहेत, त्यांना उपयोगी पडावा म्हणून तिथल्या मतदान-सेवेचा हा आढावा. गावाबाहेर असलेल्या मतदाराची सोय करण्यात ही सेवा आपल्यापेक्षा सरस आहे. मत देऊन झाल्यावर मात्र ‘सरकार कोणाचं?’ या प्रश्नावर ती माणसाला चांगलंच ताटकळत ठेवते.

प्रदेश साधारण साडेतेरा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे मध्य प्रदेशाच्या चौपटीहून मोठा, आणि 2021 च्या जनगणनेत माणसं 41,070. जागा 19, त्यातल्या 7 एकट्या येलोनाइफ शहरात. आपल्याकडे 2023 मध्ये 230 जागांसाठी साडेपाच कोटींवर मतदार होते. एका जागेला सरासरी 2.4 लाख धरले, तर तिथली सगळी लोकसंख्या त्याच्या पाचव्या हिश्शालाही पुरत नाही. अशा ठिकाणी शे-दोनशे लोक शिकायला, कामाला किंवा शिकारीला बाहेर असले तरी निकाल फिरू शकतो. म्हणून मतदानाचे मार्ग मुद्दाम जास्त ठेवलेले आहेत. मतदानाच्या दिवशीचं नेहमीचं केंद्र आहेच. त्याशिवाय निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी जाऊन मत देता येतं, लहान वस्त्यांवर फिरतं केंद्र जातं, आणि काही केंद्रांवर दुसऱ्या मतदारसंघातल्या माणसालाही त्याच्याच मतदारसंघाची मतपत्रिका मिळते. ही शेवटची सोय आपण उचलावी अशी. भोपाळला नोकरी करणाऱ्या इंदूरकराला आजही मत द्यायला बस पकडूनच यावं लागतं.

गैरहजर मतदारासाठी टपाल आणि ऑनलाइन असे दोन मार्ग आहेत. ऑनलाइन मतदान 2019 मध्ये सुरू झालं. सार्वत्रिक निवडणुकीत ते वापरणारा कॅनडातला हा पहिला प्रांत किंवा प्रदेश. पण ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. आधी अर्ज करून गैरहजर मतदार म्हणून नोंद व्हावी लागते. इथे आमचा एक आक्षेप आहे. आपल्या यंत्रावर बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि पेटीत पडते, म्हणजे वाद झाला तर मोजायला कागद हातात असतो. ऑनलाइन मताला असा कागदच नाही. निकाल दहा-वीस मतांनी लागला, तर फेरमोजणी म्हणजे संगणकातल्या त्याच नोंदी पुन्हा मोजणं.

टपालाची अडचण वेगळी. तिथल्या काही गावांना जोडणारे रस्ते नद्या ओलांडतात. उन्हाळ्यात फेरीबोट चालते, कडक थंडीत गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात. मधले काही आठवडे दोन्ही बंद: बोट उभी असते आणि बर्फ अजून गाडीचं वजन पेलत नाही. तेव्हा विमान किंवा हेलिकॉप्टर हाच आधार, आणि हवामान बिघडलं की पिशवी तिथेच पडून. त्यामुळे टपालाने मत द्यायचं असेल तर अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा.

2023 मध्ये या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. मतदान 3 ऑक्टोबरला होतं. ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे येलोनाइफ रिकामं करावं लागलं. ‘हे रिव्हर’ आणि ‘फोर्ट स्मिथ’ या गावांकडे जाणारी फायबर केबल जळाली आणि फोन-इंटरनेट ठप्प झालं, म्हणजे ऑनलाइनची सोयही अशा वेळी सगळ्यांच्या कामाची नाही. विधानसभेने कायदा करून मतदान 14 नोव्हेंबरला ढकललं. निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे मतदान नेमकं नद्या गोठण्याच्या दिवसांत गेलं.

मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, चिन्हही नसतं, कारण तिथल्या विधानसभेत पक्षच नाहीत. निवडून आलेले 19 जण एकत्र बसून गुप्त मतदानाने सभापती, मुख्यमंत्री आणि सहा मंत्री निवडतात. उरलेले 11 मंत्रिमंडळापेक्षा संख्येने जास्त, त्यामुळे मंत्र्यांवर वचक राहतो. मतदाराच्या दृष्टीने यात एक उणीव आहे: मुख्यमंत्री कोण व्हावा यावर त्याचा थेट हात नाही. 2023 मध्ये मतदान नोव्हेंबरच्या मध्याला झालं आणि मुख्यमंत्री ठरला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ज्या इंदूरने 2024 च्या लोकसभेला ‘नोटा’ला 2,18,674 मतं दिली, त्या गावाला तोवर धीर धरवला असता का, शंकाच आहे.

आपली एक सेवा मात्र तोडीस तोड आहे: घरून मतदान. वय 85 च्या पुढे किंवा 40 टक्के अपंगत्व असेल, तर अधिसूचनेपासून 5 दिवसांत फॉर्म 12-डी भरून दिला की पथक घरी येतं. सोबत व्हिडिओ काढणारा असतो, आडोसा करून मत घेतात. घोळ होतो तो लिफाफ्यांत. मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात, 13-ए घोषणापत्र त्या पाकिटाबाहेर, आणि दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. घोषणापत्र चुकून आतल्या पाकिटात गेलं तर मोजणीच्या टेबलावर ते पाकीट उघडतही नाहीत, मत बाद. शिवाय 12-डी मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) लागतं आणि केंद्राचा दरवाजा बंद होतो. छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या पोहे-जिलेबीसाठी आजोबांना बाहेर पडून केंद्रावरच मत द्यायचं असेल, तर फॉर्म भरूच नये.

येलोनाइफच्या सेवेला गुण द्यायचे तर सोयीला पाचपैकी साडेचार, ऑनलाइन मताच्या भरवशाला तीन, निकालानंतरच्या स्पष्टतेला अडीच.

तिकडे मत द्यायला कॅनडाचं नागरिकत्व, वय 18 आणि प्रदेशात ठरावीक काळ वास्तव्य लागतं. नुसत्या पीआर (कायम वास्तव्याच्या) कार्डावर भागत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारतातला मताधिकार संपतो, तेव्हा इंदूरच्या यादीतलं नाव फॉर्म 7 भरून काढून घ्यावं. भारतीय पासपोर्ट ठेवून तिकडे राहणाऱ्याने इथल्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवायला फॉर्म 6-ए भरावा. पण मत द्यायला त्याला मूळ पासपोर्ट घेऊन इथल्या केंद्रावर स्वतः यावं लागेल.