रशियन घड्याळ रिपेअरला दिलं आणि आतलं मशीनच बदललं गेलं, माझा अनुभव वाचा

लांबलचक होणार आहे पण ज्यांच्या घरात जुनं रशियन घड्याळ आहे त्यांनी पूर्ण वाचा, राकेता असो, पोल्योत असो, वोस्तोक असो की स्लावा. माझ्यासोबत जे झालं ते अजून कुणासोबत होऊ नये एवढ्याचसाठी लिहितोय.

माझे वडील नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिग लढाऊ विमानांच्या कामावर. १९८३ मध्ये ट्रेनिंगला सोव्हिएत युनियनमध्ये गेले होते तेव्हा येताना मॉस्कोहून एक राकेता घेऊन आले. साधं चावीचं घड्याळ, तारीख नाही काही नाही, पांढरी तबकडी आणि खाली बारीक रशियन अक्षरात 'सोव्हिएत युनियनमध्ये बनवलेलं' असं. ओझरच्या कॉलनीत तेव्हा बऱ्याच जणांच्या हातात अशी घड्याळं होती. बाबांनी ते रिटायर होईपर्यंत रोज वापरलं, रोज सकाळी आंघोळ झाली की चावी द्यायची, त्यात कधी खंड नाही. नंतर ते कपाटात गेलं आणि मागच्या वर्षी काढलं तर चावी फिरते पण घड्याळ चालत नाही.

मी पुण्यात राहतो म्हणून इथेच दाखवायचं ठरवलं. पहिल्या तीन दुकानांत तर हातातसुद्धा घेतलं नाही, लांबूनच रशियन का, नको साहेब, पार्ट मिळत नाहीत. एकाने सांगितलं की फेकून द्या आणि त्यापेक्षा नवीन बॅटरीवरचं क्वार्ट्झ घ्या. हे पार्ट मिळत नाहीत प्रकरण आधी सांगतो कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. राकेताचं हे मशीन म्हणजे २६०९ नंबरचं, हे लेनिनग्राडजवळच्या पीटरहॉफच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत होतं आणि बंद पडलेली जुनी राकेता स्वस्तात मिळतात, एकातून काढून दुसऱ्यात पार्ट घालता येतात. वोस्तोक तर आजही रशियात चिस्तोपोलला नवीन मशीन बनवतं. म्हणजे पार्ट मिळतात, पण शोधायला वेळ लागतो आणि पाचशे रुपयांच्या कामासाठी तेवढी खटपट करायला कुणी तयार नसतं, हे खरं कारण आहे. ते मी समजू शकतो, ज्यांनी सरळ नाही सांगितलं त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

तक्रार आहे चौथ्याबद्दल. मध्यवस्तीतलं दुकान, भिंतीवर जुनी घड्याळं, माणूस बोलायला एकदम गोड. डोळ्याला भिंग लावलं, पाठीमागचं झाकण उघडून दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला अरे वा राकेता, होऊन जाईल, ठेवून जा. तीन दुकानं फिरल्यावर कुणीतरी हो म्हणतंय याचंच मला एवढं बरं वाटलं की मी काही विचारलंच नाही. पावतीवर लिहिलं 'रशियन घड्याळ १, ओव्हरहॉल', हजार रुपये अ‍ॅडव्हान्स घेतले. मग पंधरा दिवस म्हणता म्हणता अडीच महिने गेले. कधी पार्ट मुंबईहून यायचाय, कधी कारागीर गावाला गेलाय, कधी टेस्टिंगला लावलंय. शेवटी मिळालं तेव्हा एकूण २८०० रुपये घेतले आणि घड्याळ चकाचक, नवीन काच, पॉलिश मारलेली केस (म्हणजे बाहेरची डबी), नवीन काटे. काटे का बदलले विचारलं तर म्हणाला जुने गंजले होते. मी मान डोलावली.

इथे माझं चुकलं. काटे बदलले म्हणजे का बदलले हे खोदून विचारायला हवं होतं. प्रत्येक मशीनच्या मधल्या दांड्यांची जाडी वेगळी असते आणि एका मशीनचे काटे दुसऱ्यावर सहसा बसत नाहीत, तेव्हा न सांगता काटे बदललेले दिसले की पहिला संशय मशीनवर घ्या.

घरी आणून बाबांना दिलं. बाबांचं वय ८१, पण हात मशिनिस्टचा आहे. त्यांनी चावी दिली, चार-पाच फेरे झाले आणि थांबले, परत दोन फेरे दिले आणि म्हणाले हे आपलं नाही रे, हाताला वेगळं लागतंय. मी म्हणालो बाबा, सर्व्हिसिंग झालंय, नवीन तेल घातलंय म्हणून तसं वाटत असेल. त्यांनी परत एकदा म्हटलं नाही, याच्या चाकाचा दाता वेगळा आहे. आणि मी विषय बदलला. इतकी वर्षं रोज चावी दिलेल्या माणसाचं मी ऐकलं नाही याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

चार महिन्यांत घड्याळ परत बंद. यावेळी त्या दुकानात गेलो नाही, ओळखीतून नाशिकच्या एका वयस्कर घड्याळवाल्या काकांचा पत्ता मिळाला, त्यांच्याकडे बाबांनाच घेऊन गेलो. काकांनी आमच्यासमोर झाकण उघडलं आणि भिंग न लावताच म्हणाले, हे राकेता कुठंय, आत एचएमटी आहे. मग त्यांनी मला भिंग दिलं आणि दाखवलं. मशीनवर इंग्रजीत एचएमटी आणि सतरा ज्वेल लिहिलेलं, ज्वेल म्हणजे चाकांच्या दांड्या ज्यांत फिरतात ते बारीक खडे. आमच्या राकेताच्या मशीनवर रशियन अक्षरात १९ दगड, म्हणजे १९ ज्वेल, असं असायला हवं आणि बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे हलणाऱ्या, चाकाच्या जवळ २६०९ हा नंबर. मशीन आणि केसच्या मध्ये फट होती तिथे पातळ पत्र्याची पट्टी गोल वाकवून कोंबलेली, एका बाजूला ती पट्टी कापताना राहिलेली खरखरीत कड दिसत होती. मग काकांनी काटे काढून तबकडी उचलली. तबकडीच्या पाठीमागे दोन बारीक पाय असतात जे मशीनच्या भोकात बसतात आणि बाजूच्या स्क्रूने धरले जातात. राकेताचे पाय एचएमटीच्या भोकांत बसत नाहीत म्हणून ते दोन्ही मुळापासून छाटून टाकलेले आणि तबकडी पिवळ्या पडलेल्या गोंदाने चिकटवलेली. जिथे पाय होते तिथे कानसने घासल्याचे दोन चमकणारे ठिपके. बाबा बराच वेळ ते ठिपके बघत बसले.

एचएमटीला मी नावं ठेवत नाही, उत्तम मशीन आहे, माझं पहिलं घड्याळ एचएमटी जनताच होतं. पण मी राकेता दुरुस्त करायला दिलं होतं आणि त्याचे पैसे मोजले होते.

दुकानात जाऊन विचारलं तर सरळ उत्तर, तुम्ही दिलं तेव्हा हेच होतं. माझ्याकडे आतल्या मशीनचा एकही फोटो नाही आणि पावतीवर फक्त 'रशियन घड्याळ'. कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही हेही कळलं, पण वकील मित्राने एकच प्रश्न विचारला की देताना आत राकेताच होतं हे दाखवणार कसं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असं का करतात हे काकांनी सांगितलं. बहुतेक वेळा सुरुवात लुटायच्या हेतूने होत नाही, उघडताना बॅलन्सची दांडी मोडते किंवा हेअरस्प्रिंग, म्हणजे त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग, गुंतते, पार्ट शोधायची तयारी नसते आणि चूक कबूल करायची नसते, मग जवळ पडलेलं मशीन आत टाकायचं. काही जण मात्र मुद्दाम काढतात कारण चालू रशियन मशीनला आता गिऱ्हाईक आहे. तुमच्याकडे पोल्योतचा स्टॉपवॉचवाला असेल तर अजून जपा, त्याचं ३१३३ मशीन स्विस व्हॅल्जू कंपनीच्या मशीनच्या नमुन्यावर बनलेलं आहे, त्याच्या जागी एचएमटी बसणार नाही पण आतले चांगले पार्ट काढून झिजलेले घालणं सहज शक्य आहे. आणि वोस्तोकचं अँफिबिया, म्हणजे पाण्यात चालणारं मॉडेल, असलेल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, त्याची चावी आट्यांनी बसवलेली असते आणि आटे सोडवल्यावर ढिली पडून डुगडुगते, ते मुद्दाम तसंच बनवलंय, जरा बाहेर ओढून धरून चावी द्यायची असते. माझ्याच एका अँफिबियाला मागे एका दुकानदाराने चावी तुटलीय म्हणून १२०० रुपये सांगितले होते, तेव्हा मला हे माहीत होतं म्हणून वाचलो.

मी आता कुणालाही घड्याळ देताना झाकण समोर उघडायला लावतो आणि मशीनचा जवळून फोटो काढतो, नंबर दिसेल असा, आणि तो नंबर आणि किती ज्वेल ते पावतीवर लिहून घेतो. रशियन नंबर समजायला सोपा आहे, २६०९ मधले पहिले २६ म्हणजे मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये, उरलेले दोन आकडे कुठला प्रकार ते सांगतात. जो माणूस समोर उघडायला किंवा लिहून द्यायला कां कूं करतो त्याच्याकडे ठेवू नका, मग तो कितीही गोड बोलो. बदललेले जुने पार्ट परत मागा, काटे बदलले असतील तर जुने काटेसुद्धा.

काकांनी महिनाभर शोधून मुंबईहून, चोरबाजारातून, दुसरं राकेता मिळवलं, त्याची तबकडी खराब होती पण मशीन सुस्थितीत. ते मशीन साफ करून आमच्या केसमध्ये बसवलं, त्याचेच काटे लावले. तबकडीचे पाय परत लावणं जोखमीचं म्हणून ती आता बारीक टेपवर आहे, ते त्यांनी मला आधी सांगून विचारून केलं. एकूण १९०० रुपये घेतले, त्यात मशीनची किंमत धरून.

झाकण बंद करायच्या आधी त्यांनी ते आतून आम्हाला दाखवलं. आत बारीक ओरखड्यात एक तारीख होती, १९९४ ची, जुने घड्याळवाले काम केलं की तशी खूण करून ठेवतात. १९९४ ला नाशिकलाच सर्व्हिसिंग केल्याचं बाबांना आठवलं. पुण्याच्या माणसाने काहीच लिहिलं नव्हतं. काकांनी सुईने त्या तारखेच्या खाली यंदाची तारीख आणि २६०९ कोरलं आणि झाकण लावून घड्याळ माझ्याकडे न देता बाबांच्या हातात दिलं.