कोल्हापूर ते नागपूर विमानानं : सात महिन्यांत आठ वेळा

लेकीला नागपूरला दिलं त्याला सहा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं आम्ही दोघं महाराष्ट्र एक्सप्रेसनंच जायचो. पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेत जाणारी गाडी. नागपूरला उतरेपर्यंत अख्खा दिवस-रात्र होऊन वर आणखी काही तास जायचे. मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो प्रवास बंदच पडला. २०२५ च्या मे महिन्यात थेट विमान सुरू झालं आणि जूनपासून आमच्या जाऊन-येऊन चार फेऱ्या झाल्या.

सरळ रेषेत हे अंतर साधारण ७०० किलोमीटर भरतं. नकाशावर उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) आणि सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) यांच्यामध्ये फूटपट्टी ठेवा, ती पंढरपूर, परळी, पूर्णा, यवतमाळ आणि वर्धा यांच्या जवळून जाते. निघाल्यावर थोड्याच वेळात खाली चंद्रभागेचं वळण दिसलं, तेव्हा ह्यांनी खिडकीतूनच हात जोडले.

तिकिटावरचा दीड तास म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा वेळ. मी दर वेळी वहीत लिहून ठेवलं : चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत सव्वा तासाच्या आतबाहेर. डिसेंबरात येताना पाच-दहा मिनिटं जास्त लागली. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून वाहतं, त्यामुळे जाताना ते पाठीशी असतं आणि येताना तोंडावर.

पण खरा हिशोब घरापासून घरापर्यंतचा. राजारामपुरीतून निघायचं, दोन तास आधी पोचायचं, तिकडे सामानासाठी थांबायचं, मग रिक्षा. पाच तास धरून चाला. तरीही सकाळी इथं चहा घेऊन निघालेला माणूस त्याच दिवशी लेकीच्या हातचं जेवतो, हे मला अजून नवलाचं वाटतं.

विमान ७६ आसनी एम्ब्रेअर. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, मधली खुर्चीच नाही. गुडघेदुखी असलेल्यांना हे फार सोयीचं पडतं. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. कांदा-लसूण चटणी आणि लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत घाला. हातातल्या पिशवीतलं लोणचं तपासणीत काढून घेतलं, माझा जीव हळहळला.

तक्रार दोन गोष्टींची. रोज विमान नाही, म्हणून अडीअडचणीला धावून जायचं तर वार बघावा लागतो. आणि पावसाळा. जुलैत ढग इतके खाली आले होते की आम्ही चार तास बसून राहिलो, आणि नेमकं काय चाललंय ते कुणी नीट सांगेना. पाऊस-ढग कुणाच्या हातात नाहीत, पण वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर अर्ध्या तासानं दोन शब्द सांगता येतात. पावसाळ्यात त्याच दिवशी पुढची गाडी पकडायचा बेत ठेवू नका.

तिकीट महिनाभर आधी काढलं तर परवडतं, सणाच्या तोंडावर नाही. म्हणून होळीची तिकिटं आत्ताच काढून ठेवली आहेत. नात रोज फोनवर विचारते, आजी, विमान कधी?