आजोबांचे सोवार प्रायमा आणि लक्ष्मी रस्त्यालगतचे एक घड्याळ दुरुस्तीचे दुकान

पुण्याच्या शनिवार पेठेतील आमच्या वाड्याच्या पुनर्विकासाचा करार गेल्या वर्षी झाला आणि घर रिकामे करताना लाकडी कपाटाच्या चोरखणात, चष्म्याच्या एका जुन्या डबीत, आजोबांचे मनगटी घड्याळ सापडले. वेस्ट एंड वॉच कंपनीचे सोवार प्रायमा, १७ ज्वेलचे (यंत्रातील झीज कमी करणारे १७ बारीक खडे असलेले), रोज हाताने चावी देण्याचे. चावी दिली की ते दोन-तीन तास चाले आणि मग थांबे. धाकट्या भावाचे मत असे पडले की भांडीकुंडी आणि फर्निचर वाटून घेता येते, घड्याळ वाटता येत नाही; दोघांपैकी कोणीही ते वापरणार नसेल तर ते विकावे आणि रक्कम निम्मी-निम्मी करावी. त्याच्या म्हणण्यात गैर काहीच नव्हते. आधी एखाद्या जाणकाराकडून ते उघडून पाहावे आणि मग ठरवावे, एवढीच मुदत मी त्याच्याकडे मागितली. ज्या दुकानात हे काम झाले, त्याविषयी आणि प्रत्यक्ष त्या घड्याळाविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. दुकानाचे नाव मालकांच्याच विनंतीवरून देत नाही, कारण हाती असलेले कामच त्यांच्याकडून वेळेत होत नाही असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे.

प्रथम घड्याळाविषयी. वेस्ट एंड ही कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली. घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये तयार होत आणि त्यांची बाजारपेठ मुख्यतः आपल्याकडे आणि मध्यपूर्वेत होती. ‘सोवार’ हा शब्द म्हणजे आपला ‘स्वार’च, पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदी फौजांमध्ये ही घड्याळे वापरात होती. पुढे नोकरदार कुटुंबांतून ती इतकी रुळली की आमच्या घरी ‘आजोबांचे वेस्टेंड’ हा एकच शब्द होता. आजोबांनी ते १९५०च्या दशकात घेतले असावे. बाबांनी मात्र नोकरी लागल्यावर एचएमटी घेतले आणि निवृत्तीपर्यंत तेच वापरले, त्यामुळे सोवार कपाटातच राहिले.

पहिला अनुभव चांगला नव्हता. शहरातील एका मोठ्या दुकानात घड्याळ दाखवले, तेव्हा मागचे झाकण न उघडताच अडीच हजार रुपयांचा भाव सांगण्यात आला. विकायचे नसेल, तर केसला पॉलिश करून, नवी डायल छापून, आतील यंत्राच्या जागी बॅटरीचे यंत्र बसवून देतो, असेही सुचवण्यात आले. या तिन्ही गोष्टी केल्या असत्या तर आजोबांच्या घड्याळाचे केवळ पोलादी कवच उरले असते, आणि पॉलिशने त्याच्याही कडा झिजल्या असत्या. ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे त्यानेच तिची किंमत ठरवावी, ही पद्धतही मला पटली नाही.

लक्ष्मी रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतील दुसऱ्या दुकानाची माहिती शेजारच्या काकूंनी दिली. जेमतेम एका माणसाला बसता येईल एवढी जागा, काचेच्या कपाटात चिठ्ठ्या बांधलेली घड्याळे, आणि सत्तरीच्या आसपासचे कारागीर. सर्व जण त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, “मी घड्याळे विकत घेत नाही, म्हणून किंमत विचारू नका. आत काय आहे ते दाखवतो.” डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडले आणि तेच भिंग माझ्या हातात देऊन एकेक गोष्ट दाखवली. या दुकानाविषयी मला सर्वांत अधिक आवडलेली बाब हीच आहे. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना झाकण उघडणारे कारागीर आता फार राहिलेले नाहीत.

डायल मूळची नाही, हे त्यांनी लगेच ओळखले आणि ते कसे ओळखायचे हेही शिकवले. मूळ डायलवरील अक्षरे बारीक आणि तीक्ष्ण असतात. आमच्या डायलवरील शाई जाड होती आणि ‘प्रायमा’मधील अक्षरे एका ओळीत नव्हती. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर मध्यावर येत नव्हत्या. सहाच्या आकड्याखाली स्विस बनावटीचा जो बारीक उल्लेख असतो, तो नव्हताच. डायल काढल्यावर तिच्या कडेला एक छोटी खाच दिसली. पुन्हा छपाई करणारे डायल सरळ बसावी म्हणून अशी खाच पाडतात. संग्राहकांच्या बाजारात अशा घड्याळाला ‘रीडायल’ म्हणतात आणि त्याची किंमत निम्म्याहून खाली येते. हे ऐकून मी थोडी निराश झाले, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर काकांनी झाकणाची आतील बाजू उजेडात तिरकी धरली. जुने कारागीर दुरुस्तीची खूण म्हणून तेथे सुईने बारीक अक्षरे कोरत. आमच्या झाकणात अशा चार खुणा होत्या आणि त्यांपैकी सर्वांत जुनी ‘८-६१’ अशी होती. यंत्राच्या डायलकडील बाजूस जुन्या गंजाचे पुसट डागही होते. “हे पाण्यात गेलेले आहे,” एवढेच ते म्हणाले. पुण्यात जन्मलेल्या माणसाला पुढे काही सांगावे लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर पाणी छतापर्यंत होते, हे बाबांकडून अनेकदा ऐकले होते. ते तेव्हा शाळेत होते आणि आजोबा सर्वांना घेऊन पर्वतीच्या बाजूला निघाले होते. घड्याळ मागे राहिल्याचा उल्लेख मात्र त्या हकिगतीत कधी आला नव्हता. घरातील बहुतेक सर्व गेलेले असताना, पुरानंतर महिनाभरातच आजोबांनी ते चिखलातून काढून दुरुस्तीला दिले आणि डायल खराब झाली होती म्हणून नवी छापून घेतली, असाच त्या खुणेचा अर्थ लागतो. काटे मात्र मूळचेच आहेत. त्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप आहे आणि ते आता चमकत नाहीत. चमकणारा लेप थकतो, पण किरणोत्सर्गी रेडियम तेथेच असते, कारण ते निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये आणि तो लेप खरवडू नये, असे काकांनी बजावून सांगितले. हा इशारा जुनी घड्याळे बाळगणाऱ्या प्रत्येकाने पाळावा.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. काकांकडे टाइमग्राफर नावाचे छोटे उपकरण आहे, जे घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चाल सांगते. सर्व्हिसिंगपूर्वी आमचे घड्याळ दिवसाला सुमारे चार मिनिटे पुढे जात होते आणि बॅलन्स चाकाचा, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाचा, झोका जेमतेम १६० अंशांचा होता; तो साधारण २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान असावा लागतो. झोका कमी असण्याचे कारण वाळलेले तेल, आणि घड्याळ पुढे पळण्याचे कारण हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे त्या चाकाला जोडलेल्या बारीक वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये, शिरलेले चुंबकत्व. चुंबकत्वामुळे स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कार्यकारी लांबी कमी होते आणि चाक जलद हलू लागते. त्याच चोरखणात बाबांचा जुना ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षे पडून होता, आणि त्याच्या स्पीकरमधील चुंबकाचा हा प्रताप असावा, असे काकांचे अनुमान. त्यांनी सर्व सुटे भाग वेगळे करून धुतले, चुंबकत्व काढले, नवी मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) आणि नवी काच बसवली. बॅलन्सचा दांडा सुदैवाने शाबूत होता. तो तुटलेला असता, तर दुसरे बंद सोवार शोधून त्यातून काढावा लागला असता. एचएमटीचे कारखाने बंद झाले तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात, सोवारचे तसे नाही. काम झाल्यावर झोका २६५ अंश आणि चाल दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे, अशी नोंद त्यांनी मला उपकरणाच्या पडद्यावर दाखवली. बदललेली मेनस्प्रिंग आणि जुनी काच न मागता पुडीत बांधून परत दिली. एकूण खर्च २८०० रुपये आला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तीन आठवड्यांचा वायदा होता आणि प्रत्यक्षात सात आठवडे लागले. मधल्या काळात फोन उचलला जाईलच याची खात्री नव्हती. पावती मी मागितली म्हणून मिळाली, आणि वारसाने आलेली वस्तू पावतीशिवाय कोणाकडेही ठेवू नये असे मला ठामपणे वाटते. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, त्यामुळे नोकरदार माणसाला शनिवार गाठावा लागतो. कामाच्या दर्जापुढे या गोष्टी मी गौण मानते, परंतु ज्यांना घाई आहे त्यांनी तेथे जाऊ नये.

किंमत काकांनी सांगितली नाही, म्हणून ती मी अन्यत्र पाहिली. एका रविवारी जुन्या बाजारात गेले. तेथे पुन्हा रंगवलेली कितीतरी सोवार घड्याळे मांडलेली होती, लाल आणि निळ्या डायलची, जी मूळ कंपनीने कधी केली असतील असे वाटत नाही. कोथरूडमधील एका संग्राहक गृहस्थांनी आमचे घड्याळ नीट पाहून चार हजार रुपये देऊ केले आणि डायल मूळची असती तर दहापर्यंत गेलो असतो, असे सरळ सांगितले. हा भाव मला प्रामाणिक वाटला. खर्च वजा जाता बाराशे रुपये उरतात आणि भावाच्या वाट्याला सहाशे येतात, हा हिशेब मी त्याला पाठवला आणि त्यासोबत झाकणाच्या आतील बाजूचे छायाचित्रही.

त्याने हिशेबाला उत्तर दिले नाही. ‘८-६१’ म्हणजे ऑगस्टच ना, एवढे विचारले, आणि पुढच्या रविवारी तो घरी आला. संग्राहकाच्या दृष्टीने ज्या डायलमुळे घड्याळाचे मोल उतरते, ती डायल आजोबांनी त्या ऑगस्टमध्ये स्वतः पैसे मोजून करून घेतलेली आहे, आणि ती पुसून मूळच्यासारखी नवी छापणे आता आम्हा दोघांनाही मान्य नाही. घड्याळ विकायचे नाही असे ठरले. ते दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे आणि पुढे त्याच्याकडे राहील. पावसाळ्यात ते कोणीच घालणार नाही, कारण या वयाच्या घड्याळात पाण्याला अडवेल असे काही उरलेले नसते. त्या काळात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत राहील आणि आठवड्यातून एकदा त्याला चावी दिली जाईल.

सध्या ते मी रोज घालते. आकाराने लहान असल्याने माझ्या मनगटावर ते मोठे दिसत नाही. सकाळी चहाच्या आधी, हाताला किंचित अडकल्यासारखे वाटेपर्यंत, चावी देते. घड्याळ परत घेताना काकांना मी विनंती केली होती की जुन्या खुणांखाली त्यांनीही आपली खूण कोरावी. त्यांनी नकार दिला. झाकणावर आणखी ओरखडा काढणे त्यांना पटत नाही. त्याऐवजी त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तारीख, केलेले काम आणि टाइमग्राफरची नोंद लिहून दिली आणि पाच वर्षांनी पुन्हा आणा असे सांगितले. तो पुठ्ठा चष्म्याच्या त्याच डबीत ठेवला आहे.