सायटाराबिन इंजेक्शन: जुनं औषध, जुनी खोड

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे एएमएलमध्ये, सायटाराबिन 1969 पासून वापरात आहे आणि तगड्या रुग्णांच्या केमोत आजही तेच मुख्य औषध आहे. मूळ कल्पना समुद्राची. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजात बर्गमन आणि फीनी यांना रायबोजऐवजी अरॅबिनोज साखर असलेले न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांसारखे रेणू) सापडले. पुढे 1959 मध्ये बर्कलीत हीच साखर सायटोसिनला (डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी एक) जोडून नवा रेणू, म्हणजे सायटाराबिन, प्रयोगशाळेत बनवला गेला. पेशीतल्या नेहमीच्या सायटिडिनशी फरक फक्त एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा. पेशी त्याला आपलाच समजून डीएनएत घेते आणि साखळी तिथेच अडते.

खोड अशी, की सायटिडिन डिअमिनेज हे एन्झाइम काही मिनिटांतच औषध निकामी करू लागतं. गोळी म्हणून तर ते जवळपास वायाच जातं. म्हणून '7+3': शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज 100 ते 200 मिलिग्रॅम, सात दिवस अखंड ठिबक, सोबत तीन दिवस डॉनोरुबिसिन हे दुसरं केमोचं औषध. पंप थांबला की रक्तातली पातळी लगेच कोसळते, त्यामुळे पंपाच्या अलार्मकडे दुर्लक्ष परवडत नाही.

हाय-डोस, म्हणजे दर 12 तासांनी चौरस मीटरला 1 ते 3 ग्रॅम, हे वेगळंच प्रकरण आहे. औषध अश्रूंत उतरतं आणि डोळे लाल होतात. स्टिरॉइडचे थेंब आधीपासून सुरू करून शेवटच्या डोसनंतरही किमान दोन दिवस चालू ठेवावेत. लहान मेंदूला इजा होण्याचा धोका मूत्रपिंड कमजोर असेल तर बराच वाढतो. प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहा, रुग्णाला सही करायला लावा, चालवून बघा, बोलणं अडखळतंय का ऐका. सही बिघडली, तर पुढचा डोस देऊ नका. बेन्झिल अल्कोहोल असलेला डायल्युएंट (औषध विरघळवायचा द्रव) हाय-डोसला आणि मणक्यातून देताना वर्ज्य. व्हायलचं लेबल वाचण्याचा कंटाळा इथे महागात पडतो.

लायपोसोममधलं (चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं) नवं रूप (अमेरिकेत परवानगी 2017) ही खोड खरोखर सुधारतं. सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन 5:1 या मोलर (रेणूंच्या संख्येच्या) प्रमाणात एकत्र, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी 90 मिनिटांत. आधीच्या केमोमुळे झालेल्या एएमएलच्या 60 ते 75 वर्षांच्या रुग्णांत, तसंच मायलोडिस्प्लेसियाशी (अस्थिमज्जेच्या विकाराशी) निगडित एएमएलच्या त्याच वयोगटात, चाचणीतलं मध्यक आयुर्मान '7+3'च्या 5.95 वरून 9.56 महिन्यांवर गेलं. रक्तपेशी मात्र सावकाश परततात. शिवाय मिलिग्रॅमचा हिशेब दोन्ही रूपांत वेगळा आहे. प्रिस्क्रिप्शनवर नुसतं 'सायटाराबिन' लिहिलेलं असेल, तर फार्मसीने फोन करून विचारल्याशिवाय औषध काढूच नये.