कला-संस्था व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात शनिवार-रविवारी चालणारा कला-संस्था व्यवस्थापनाचा एक अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी पूर्ण केला आणि त्यानंतरचा सबंध संगीत-हंगाम त्यात शिकलेल्या गोष्टी वापरून पार पाडला. शास्त्रीय संगीताच्या बैठका भरवणाऱ्या, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या संस्थेची मी कार्यवाह आहे. प्रमाणपत्र हाती पडल्याबरोबर लिहिलेल्या अभिप्रायापेक्षा वर्षाचा ताळेबंद मांडून झाल्यावर लिहिलेला अभिप्राय इतर संस्थांच्या अधिक उपयोगी पडेल, म्हणून इतके महिने थांबले. मत आधीच सांगते: अभ्यासक्रम करण्यासारखा आहे, पण संस्थेतून एकट्यानेच केला तर त्याचा निम्माच उपयोग होतो.

सर्वांत मोलाचा भाग अर्थसंकल्पाचा. आपल्याकडची बहुतेक मंडळे कार्यक्रमनिहाय हिशेब ठेवतात. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, मुख्य कलाकाराचे आणि साथीदारांचे मानधन, प्रवास, चहापान एका बाजूला. तिकीटविक्री आणि प्रायोजकाचा धनादेश दुसऱ्या बाजूला. चार पैसे शिल्लक राहिले की कार्यक्रम व्यवस्थित सुटला, असे समाधान आपण मानतो. वर्गात आम्हांला आपापल्या संस्थेचा असा एक प्रत्यक्ष हिशेब आणायला सांगितला आणि त्यावर कार्यालयाचे भाडे, वीज, हिशेबनिसाचा पगार, लेखापरीक्षकाचे शुल्क यांचा वाटा चढवायला लावला. मग कार्यकर्त्यांनी विनामोबदला दिलेले तास मांडायचे होते: सभासदांना फोन कोणी केले, खुर्च्यांना क्रमांक कोणी चिकटवले, कलाकारांना स्टेशनवरून कोणी आणले, बैठक संपल्यावर सतरंज्या कोणी गुंडाळल्या. आमचा शिल्लक दाखवणारा कार्यक्रम त्या कागदावर स्पष्ट तोट्यात होता, आणि वर्गातल्या नाट्यसंस्थांची स्थिती याहून वेगळी नव्हती.

हा तोटा कोणाच्या गलथानपणामुळे होत नाही, हेही तिथे नीट समजावले गेले. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली दाखवून दिले की कारखान्यात यंत्रांमुळे दर माणशी उत्पादन वाढत जाते, पण सादरीकरणाच्या कलेत तसे होऊ शकत नाही, आणि बाहेरचे पगार वाढत असल्याने कलेचा खर्च मात्र त्यांच्याबरोबर वाढतच राहतो. ख्यालाच्या बैठकीला शंभर वर्षांपूर्वी गायक, तबला, पेटी आणि दोन तानपुरे लागत होते. आजही तितकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. तिकिटाचा दर त्या प्रमाणात वाढवला तर श्रोता येणार नाही, म्हणून देणगी, अनुदान किंवा प्रायोजकत्व हा अशा संस्थेच्या उत्पन्नाचा नित्याचा भाग धरूनच अर्थसंकल्प करावा लागतो. या हंगामात आम्ही प्रथमच वर्षाचा अर्थसंकल्प एप्रिलपूर्वी मंजूर करून घेतला आणि प्रत्येक कार्यक्रमावर कार्यालयीन खर्चाचा ठरावीक वाटा लावला. प्रायोजकांसमोर तो कागद ठेवल्यावर बोलणी पूर्वीपेक्षा कितीतरी सरळ झाली.

कायद्याचे सत्र रूक्ष असेल असे वाटले होते; प्रत्यक्षात त्याचाच उपयोग पदोपदी झाला. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, हे ऐकून अनेकांना ठाऊक असते. परंतु तो न दिल्याने पुढे बँकेतल्या सह्यांपासून अनुदानाच्या अर्जापर्यंत काय काय अडते, ते तिथे उदाहरणांसह कळले. आम्ही शिकलो तेव्हाच्या आयकर कायद्याप्रमाणे 80जी (देणगीदाराला करात सूट देणारे कलम) खाली 2000 रुपयांहून अधिक रोख देणगीला वजावट मिळत नव्हती आणि देणग्यांचे विवरण 31 मेपर्यंत भरले नाही तर दिवसाला 200 रुपये शुल्क लागत होते. दारात पावतीपुस्तक घेऊन बसणाऱ्या कार्यकर्त्याला हे माहीत असणे किती आवश्यक आहे, ते वेगळे सांगायला नको. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची घडीही व्यवस्थित उलगडली. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के या कामी खर्चावे लागतात, आणि सातव्या अनुसूचीत कला व संस्कृती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र हा पैसा घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-1 (हा निधी स्वीकारणाऱ्या संस्थांसाठीचा सरकारी अर्ज) नोंदणी लागते आणि तिच्यासाठी आयकराच्या नोंदण्या चालू असाव्या लागतात. पुण्यातल्या कितीतरी जुन्या मंडळांचे घोडे नेमके इथेच अडते.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले काम मात्र ध्वनिमुद्रणांचे. आमच्या कपाटात जुन्या बैठकांची स्पूल आणि कॅसेट आहेत. त्यांतले काही यूट्यूबवर टाकावे, अशी मागणी तरुण सभासद सतत करतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क स्वतंत्रपणे मान्य केलेला असून तो सादरीकरणानंतर 50 वर्षे टिकतो. तो तबलजी आणि पेटीवादक यांनाही असतो, ही गोष्ट गायकाचा होकार घेऊन निश्चिंत होणाऱ्या आयोजकांच्या सहसा लक्षात येत नाही. वर्गातल्या मसुद्यावरून आम्ही एका पानाचे मराठी संमतिपत्र तयार केले. तारीख, राग, मुद्रण कुठे वापरणार, उत्पन्न झाल्यास वाटणी कशी, आणि खाली प्रत्येक साथीदाराची वेगळी सही. बैठकीच्या आधी, वाद्ये जुळवण्यापूर्वी, ते पत्र समोर ठेवतो. एका ज्येष्ठ तबलावादकांनी ते दोनदा वाचले आणि इतक्या वर्षांत हे आपल्याला कोणी विचारले नव्हते, असे सांगून सही केली. ज्या मुद्रणासाठी कोणाकोणाची संमती हवी हे ठरवता येत नाही, ते आम्ही जतन करतो, प्रसारित करत नाही.

विपणन आणि समाजमाध्यमांची सत्रे सामान्य होती. त्यांत कोणत्याही व्यवसायाला लागू पडेल असेच बरेचसे होते.

आता उणिवा. वाचनाचे साहित्य जवळजवळ सगळे इंग्रजी, आणि उदाहरणे लंडन-न्यूयॉर्कमधल्या, मोठा कायम निधी आणि पगारी कर्मचारीवर्ग असलेल्या संग्रहालयांची व ऑपेरा-गृहांची. त्यांतून तत्त्व कळते, पण ज्या मंडळात एकही पूर्णवेळ पगारी माणूस नाही तिथे ते कसे उतरवायचे, हे विद्यार्थ्यानेच शोधायचे. ज्या शहरात 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्वांच्या स्मृतीचा महोत्सव आजही भरतो आणि महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 पासून महाविद्यालयीन पिढ्या घडवते आहे, तिथे या संघटनांच्या कार्यपद्धतीवर एकही सत्र नसावे, याची मला मनापासून खंत वाटते. इंग्रजी साहित्यामुळे आमच्या तुकडीतले दोन अनुभवी, वयस्क कार्यकर्ते मध्येच गळाले. ज्यांच्याकडे शिकवण्यासारखे सर्वाधिक होते तेच गेले.

एकट्याने जाण्याचा प्रश्न मला सन्मानिकांच्या, म्हणजे मोफत प्रवेशिकांच्या, वेळी जाणवला. पुढच्या रांगांतल्या राखीव जागांपैकी किती प्रत्यक्षात रिकाम्या राहतात, याची नोंद ठेवून त्यांतल्या काही विक्रीस काढाव्यात, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीत मांडला. वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसांना तिकीट काढायला सांगायचे का, असा विश्वस्तांचा सवाल होता, आणि त्यामागची आपुलकी खोटी नव्हती. माझ्यासमोर होता तो हिशेबाचा कागद त्यांनी स्वतः भरलेला नव्हता, एवढाच फरक. शेवटी आमचे कोषाध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्यासोबत कार्यालयात बसून वर्गातला तोच तक्ता आमच्या कीर्द-खतावणीवरून पुन्हा भरला. पुढच्या सभेत तो प्रस्ताव काकांनीच मांडला आणि एका रांगेपुरता का होईना, तो मंजूर झाला.

म्हणून विचारणाऱ्यांना मी असे सांगते: ज्यांच्या संस्थेत वर्षाला चार-सहा कार्यक्रम होतात आणि जिथे पदाधिकारी बदलाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांनी अवश्य जावे, कार्यवाहासोबत कोषाध्यक्षाला किंवा एखाद्या विश्वस्ताला पाठवावे. ज्यांना फक्त कार्यक्रमाचे आयोजन शिकायचे आहे, त्यांनी एखाद्या चांगल्या मंडळात हंगामभर काम करावे. त्यासाठी एवढे शुल्क भरण्याची गरज नाही. दोघांचे शुल्क संस्थेला झेपत नसेल तर अर्थसंकल्प आणि कायदा ही दोन सत्रे स्वतंत्रपणे करता येतील का, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे. आमच्या तुकडीला ती सोय नव्हती. तशी लेखी मागणी आम्ही काहीजणांनी केलेली आहे.