सव्वातीन किलोचा चिलर

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. २१,५४९ रुपये. ८,९०० ॲडव्हान्स, १,२५० लाकडी पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे, परत ८,९०० माल निघाल्यावर, आणि शेवटचे २,४९९. त्या शेवटच्यांबद्दल पुढे लिहितो, तेवढा धीर राहिला तर. हे पैसे लॉटरीत गेले नाहीत, दामदुप्पटच्या स्कीममध्येही नाही. घरच्या माशांच्या टाकीतलं पाणी थंड ठेवायला गेले. आणि मी नागपूरच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो. हे शेवटचं वाक्य ठेवू की खोडू यात माझे दोन दिवस गेले.

टाकी चार फुटी. दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की २२० लिटर पाणी. आत दोन ओरांडा आणि एक ब्लॅक मूर. दोन्ही गोल्डफिशचेच प्रकार. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, २० ते २४ अंशांत खूश. डिस्कसवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, तुमचे मासे ३० अंशांत मजेत असतात. माझे नसतात. टाकीतलं पाणी खोलीच्या मागे मागे चालतं, आणि एप्रिलमध्ये आमच्याकडची खोली काय असते ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. हॉलमध्ये कुलर आहे. तो चालू असेतो ठीक. पण दुपारी घरी कोणी नाही, कुलरची टाकी रिकामी, नाहीतर लाइट गेलेली. संध्याकाळी शाळेतून आलो की थर्मामीटर ३३ वर आणि तिन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम, ३० ला साडेसात. हेही मी वर्गात सांगतो.

हॉलला एसी लावायचा विचार केला होता. दीड टनी, फिटिंगसकट ४१,००० सांगितले, वर दिवसभर चालवायचं बिल. घरून उत्तर आलं, "अहो, आईंच्या खोलीत अजून एसी नाही आणि माशांना लावता?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा १७,८०० चा चिलर, म्हणजे टाकीतलं पाणी थंड करणारं यंत्र, मला बचतच वाटली. एवढं समजून घ्या. मी हौसेने उडवले नाहीत, वाचवायला गेलो होतो.

इन्स्टाग्रामवर पेज होतं. मुंबईत गोडाऊन, इम्पोर्टेड माल, एक वर्ष वॉरंटी, हजारोंनी फॉलोअर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: "सर, शेवटचे दोन पीस आहेत", क्यूआर कोड, आधी अर्धे, मग कुरिअरच्या पावतीचा फोटो, मग उरलेले अर्धे. सीओडी, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे, का नाही विचारलं तर म्हणे, काचेचं काम आहे, कुरिअरवाले घेत नाहीत. चिलरमध्ये कसली आली काच? पण विचारलं नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा साडी सेंटरचं. तेही पाहिलं. म्हटलं, भावाचं खातं असेल. पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव दुकानाच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. त्याचा भाऊ, मेहुणा, पार्टनर कोणी का असेना, थांबा.

आता तो व्हिडिओ. त्याने मला राग येतो तेवढा पैशांनी येत नाही.

ॲडव्हान्स द्यायच्या आधी मी पुरावा मागितला होता. माझ्या मते हुशारी. पेजवाल्याने व्हिडिओ पाठवला. माझ्यासारखीच चार फुटी टाकी, बाजूला चिलर, वर लाल आकडे. ३१.० पासून सुरू, कोपऱ्यात घड्याळ, वीस मिनिटांत २५.०. मी तो तीनदा पाहिला, बायकोला दाखवला, स्टाफरूममध्येही दाखवला. गणिताच्या मॅडम "अरे वा" म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात, त्याच हातांनी, मी सुट्टीतल्या जादा तासाला फळ्यावर विशिष्ट उष्माधारकतेचं उदाहरण सोडवत होतो.

करा ना गणित. एक लिटर पाणी एक अंशाने थंड करायला ४.१८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. २२० लिटरला साधारण ९२०. सहा अंशांना ५,५२०. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद. भागा. साडेचार किलोवॅटच्या वर! एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. म्हणजे चपलांच्या खोक्याएवढा डबा सव्वा टनाच्या एसीहून जास्त काम करत होता आणि मी, एम.एस्सी. भौतिकशास्त्र, मान डोलावत होतो. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरानेही विचारलं असतं, सर, तो सेन्सर पाण्यात आहे कुठे? पाण्यात नव्हताच. आता बघितलं की दिसतं, वायर टाकीच्या मागे जाते आणि तिथेच संपते. तिथे बर्फाचा ग्लास ठेवला असेल, नाहीतर काय.

लोक म्हणतात, लोभ नडला. लोभ नव्हता. रोज संध्याकाळी तीन मासे तोंड उघडून तुमच्याकडे बघत असले की माणूस भागाकार करत नाही.

पार्सल आलं २ मे रोजी. लाकडी पॅकिंगचे १,२५० दिले होते, आलं पुठ्ठ्याच्या खोक्यात. स्लिपवर वजन ३.२ किलो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅसच्या नळ्या असलेलं यंत्र सव्वातीन किलोत बसत नाही, दोन्ही हात लावून कण्हत उचलावं लागतं. मी ते एका हाताने उचललं, दुसऱ्या हातात मोबाइल धरून अनबॉक्सिंगचा व्हिडिओ केला, आणि मनाला सांगितलं की परदेशी माल हलका असतो. मग वर्षभर पश्चात्ताप होईल असं काम केलं. त्याला मेसेज टाकला: "मिळाला. पॅकिंग छान. थँक यू." माझ्या आईवडिलांनी लावलेलं वळण! वस्तू चार दिवस चालवून बघितल्याशिवाय कोणालाही थँक यू लिहू नका. उद्धट म्हणवून घ्या.

चार दिवसांत पाणी ३३ चं ३२.५ झालं, तेही एका ढगाळ दिवशी. पुढ्यातला "१/१० एचपी" लिहिलेला स्टिकर कोपऱ्यात सुटला होता. नखाने ओढला. खाली दुसरा स्टिकर, बारीक अक्षरांत: १२ व्होल्ट, ६ अँपिअर. ७२ वॅट. मागचे चार स्क्रू काढले तर आत कॉम्प्युटरचा पंखा, ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि मध्ये बिस्किटाएवढी पांढरी चपटी प्लेट, तिला एक लाल आणि एक काळी वायर. पेल्टियर. वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. छोट्या गोष्टींना उत्तम. पण ७२ वॅटमध्ये त्याने समजा ३६ वॅट उष्णता पाण्यातून ओढली, तरी माझ्या टाकीला एका अंशाला सात तास लागतात, आणि तेवढ्यात खोली ती उष्णता परत पाण्यात भरते. वर प्लेटची गरम बाजू हॉलच तापवते. कुठलाही चिलर घ्या, टाकीतली उष्णता तो खोलीतच ओकतो. बंद खोलीत ठेवाल तर खोली तापेल.

तक्रार केली तर तो किती गोड बोलला! "सर, तुमच्या टाकीला साइज छोटी पडली, आमची चूक. कॉम्प्रेसरवाला पाठवतो, जुना आमचा माणूस घेऊन जाईल. फरक फक्त २,४९९." दिले. हो, दिले. आधीचे १९,०५० बुडाले हे मान्य करायचं नसलं की माणूस आणखी २,४९९ देतो. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

आता यंत्रणा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पैसे गेल्या गेल्या लगेच फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, त्यामुळे हा नंबर पाठच करा. पण माझे मोठे हप्ते जाऊन तीन आठवडे होत आले होते. पोर्टलवर तक्रार, पोच क्रमांक, आणि मग महिनाभर तेच "प्रक्रियेत". पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "माल भेटला न सर तुम्हाला?" मी म्हटलं, भेटला, पण तो नाही. "भेटला न? मग ग्राहक मंचात जा. आमच्याकडे न भेटलेल्याची केस होते." मोबाइल मागितला, खाली-वर केला, आणि नेमका तोच मेसेज मोठ्याने वाचला. "पॅकिंग छान. थँक यू." शेजारचा शिपाई हसला. वकील मित्र सांगतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हातात डबा ठेवला म्हणून फसवणूक पुसली जात नाही. ते मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी अर्ज द्या. दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. तीन वाजता गेलेला माणूस साडेचारपर्यंत जेवत होता!

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. मग काय शेजाऱ्याने टाकायचा होता? समोरच्या खात्याचा पत्ता द्या म्हटलं तर गोपनीयता. चोराची गोपनीयता जपली जाते आणि माझं थँक यू ठाण्यात चार लोकांसमोर वाचलं जातं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी निदान शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नोंदणीकृत नाव, जीएसटी क्रमांक, बिल, यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऐकायला फार छान. पण नोटीस जाणार कुठे? स्लिपवरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकलं, ते अपुरा पत्ता म्हणून परत आलं. बिल आणि जीएसटी क्रमांक हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. तो क्रमांक सरकारी साइटवर टाकून बघायला एक मिनिट लागतो.

नवतपात, मे अखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, २७ मे रोजी, मोठा ओरांडा गेला.

त्यानंतर गेलो आमच्या नेहमीच्या माशांच्या दुकानात. त्या माणसाने मार्चमध्येच सांगितलं होतं, "सर, झाकण काढा अन् दोन पंखे लावा न. कायले एवढा खर्च करता?" तेव्हा मला वाटलं, याला चिलर विकायला नाही म्हणून पंखे सांगतोय. आता ६५० ची जोडी घेतली, पाण्यावर तिरपी बसवली. एक लिटर पाणी उडून गेलं की बाष्पीभवनाची उष्णता घेऊन जातं, आणि २२० लिटरला ती अडीच अंशांच्या वर बसते. अप्रकट उष्मा, त्याच धड्यात आहे. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी २८ वर आलं. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे एवढा फरक पडणार नाही. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं आणि मासे उडी मारतात म्हणून वर जाळी टाकावी लागते. बर्फाच्या बाटल्यांच्या भरवशावर राहू नका, माझ्या टाकीत लिटरभर बर्फाने अर्धा अंश उतरतो आणि तासाभरात परत चढतो.

हे सगळं गिळून गप्प बसणार होतो. घरी रक्कम १२,००० सांगितली आहे, ती आता इथे कळेल.

पण गेल्या रविवारी अकोल्याच्या एका मुलाचा मेसेज आला. तीन फुटी टाकी, चार गोल्डफिश. त्याच पेजने नाव बदललंय, आणि समाधानी ग्राहकांमध्ये सगळ्यात वर माझा स्क्रीनशॉट लावलाय, नावासकट. त्याने लिहिलं होतं, "सर, तुम्ही शिक्षक आहात हे प्रोफाइलवर बघितलं म्हणून विश्वास ठेवला. मशीन अजून नीट चालू आहे न?" मी लगेच फोन लावला. ८,९०० त्याने शुक्रवारीच पाठवले होते. लाकडी पॅकिंगचे १,२५० पाठवून अर्धा तास झाला होता. म्हटलं, फोन ठेव आणि आधी १९३० लाव, माझ्याशी नंतर बोल.